थरच्या वाळवंटातील पालीवाल गावे

थरच्या वाळवंटातील पालीवाल गावे : राजस्थानच्या जैसलमीर भागात पालीवाल ब्राह्मणांनी मध्ययुगात वसविलेला व एकोणिसाव्या शतकात बव्हंशी ओस पडलेला ग्रामसमूह. बारमाही नदी नाही, कालवा नाही, जवळपास मोठी बाजारपेठ नाही, अशा प्रदेशात जागेवर पडणाऱ्या पावसाच्या आधारे या गावांनी पाणी, धान्य, सरपण व निवारा या आपल्या गरजा काही शतके भागविल्या. कुलधरा व खाभा ही त्यांपैकी विशेष परिचित गावे होत. अलीकडच्या काळात हे अवशेष शापाच्या व भुताटकीच्या कथांमुळे गाजले असले, तरी त्यांचे ऐतिहासिक महत्त्व निराळे आहे. वाळवंटातील स्वयंपूर्ण वस्ती कशावर उभी राहते आणि कशामुळे मोडते, हे दाखविणारे इतके स्पष्ट उदाहरण भारतात क्वचितच आढळते.

थरचे वाळवंट सु. दोन लाख चौ. किमी. क्षेत्रावर पसरले असून त्याचा बराच मोठा भाग राजस्थानात मोडतो. सु. ३८,४०० चौ. किमी. क्षेत्रफळाचा जैसलमीर जिल्हा हा त्याचा पश्चिमेकडील गाभा होय. येथील वार्षिक सरासरी पर्जन्यमान १५० ते २०० मिमी. असून सरहद्दीकडे ते आणखी घटते. याउलट बाष्पीभवनाची वार्षिक क्षमता सु. २,००० मिमी. आहे. पाऊस मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत व मोजक्या जोरदार सरींच्या रूपाने पडतो, आणि लागोपाठ दोन-तीन वर्षे तो न पडणे हेही नेहमीचेच. भूजल खोल असून पुष्कळ ठिकाणी खारे आहे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर चौ. किमी.ला केवळ १७ माणसे आढळली.

मात्र हा सर्व प्रदेश वाळूच्या टेकड्यांचा नाही. जैसलमीर शहराच्या सभोवार पिवळ्या चुनखडकाची व वालुकाश्माची उघडी पठारे आहेत. त्यांना स्थानिक भाषेत ‘मगरा’ म्हणतात. या खडकावर माती जवळजवळ नाही. त्यामुळे पडलेला पाऊस न मुरता उतारावरून वाहतो आणि पायथ्याच्या सखल पट्ट्यात गाळासह साचतो. शेतीला निरुपयोगी दिसणारा हा नागडा खडकच पालीवालांच्या शेतीचे मूळ भांडवल होता. त्यांची गावे वाळूच्या टेकड्यांपासून दूर, खडक व सखल भूमी यांच्या सांध्यावर आढळतात, ती याच कारणाने.

वाळवंटातील लोक पाण्याचे तीन प्रकार मानतात. पावसाचे वाहते व साठविलेले पाणी ते ‘पालर’, जमिनीखालील खोल झऱ्यांचे पाणी ते ‘पाताल’, आणि या दोहोंच्या मधले, म्हणजे वाळूत मुरलेले पण खालच्या खाऱ्या भूजलात न मिसळलेले ओलीचे पाणी ते ‘रेजाणी’. काही पट्ट्यांत वाळूखाली जिप्समचा (स्थानिक नाव ‘खडिया’) थर असतो. तो पावसाच्या पाण्याला खाली उतरू देत नाही व ते ओलीच्या रूपाने वर राखून ठेवतो. या थराचा प्रताप २००६ च्या ऑगस्टमध्ये बाडमेर जिल्ह्यातील कवास या गावी उलट्या रीतीने दिसून आला. अतिवृष्टीचे पाणी तेथे जमिनीत न मुरता कित्येक महिने तुंबून राहिले. हे वर्गीकरण केवळ शब्दांचे नव्हे. कोणत्या पाण्यावर किती माणसे व जनावरे जगू शकतील, याचा हिशेब त्यात आहे, व गावाची जागा निवडताना तोच निर्णायक ठरे.

पालीवाल हे नाव मारवाडातील पाली या नगरावरून पडले. तेथील ब्राह्मण व्यापारधंद्यामुळे सधन झाले होते आणि मुसलमानी आक्रमणात पाली उद्ध्वस्त झाल्यावर ते पश्चिमेकडे भाटी राजपुतांच्या राज्यात गेले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्या वेळी राखी पौर्णिमेच्या दिवशी झालेल्या संहाराची आठवण म्हणून अनेक पालीवाल कुटुंबे हा सण पाळीत नाहीत. या आक्रमणाचा काळ निरनिराळ्या कथांत निरनिराळा दिला असून तो बहुधा तेराव्या शतकाच्या अखेरीस नेला जातो. परंतु कुलधरा येथील देवळ्यांवर (स्मृतिशिला) भट्टिक शकाच्या कालगणनेत कोरलेल्या लेखांपैकी दोन १२३५ व १२३८ या वर्षांचे आहेत. यावरून पालीवालांचे स्थलांतर एकाच आपत्तीने झाले नसून ते टप्प्याटप्प्याने होत गेले असावे. भाट्यांची राजधानी लोद्रवा येथून जैसलमीरला आली ती ११५६ मध्ये, असे परंपरा मानते. नव्या राजधानीला धान्य पुरविणारे कसबी शेतकरी हवे होते आणि पालीवालांना जमीन हवी होती. या परस्पर गरजेतूनच पुढील व्यवस्था आकारास आली.

लक्ष्मीचंद यांच्या तवारीख-ए-जैसलमेर (१८९९) या ग्रंथात कुलधराचा पहिला वसाहतकार म्हणून कधन नावाच्या पालीवालाचा उल्लेख असून त्याने ऊधनसर हे तळे खोदल्याचे म्हटले आहे. गाव वसविण्याच्या हकीकतीत घरांच्या आधी तळे यावे, हे या प्रदेशाच्या रीतीला धरूनच आहे. जैसलमीरचा गडसीसर तलाव चौदाव्या शतकात बांधला गेला, तेव्हा नगरालाही तेच धोरण पत्करावे लागले.

कुलधरा जैसलमीरच्या नैर्ऋत्येस सु. १८ किमी.वर काकनी या पावसाळी नदीच्या काठी आहे. गाव दक्षिणोत्तर लांबट आयताकृती असून मध्ये मंदिर, तीन लांब रस्ते व त्यांना काटकोनात छेदणारे अरुंद बोळ अशी त्याची रचना आहे. १९९० नंतरच्या दशकात झालेल्या पाहणीत तेथे ४१० पडक्या इमारती मोजण्यात आल्या. शिवाय गावाच्या वेशीवरील खालच्या वस्तीत आणखी सु. २०० होत्या. घरे घडीव दगडाची, अंगणाची व जाड भिंतींची आहेत. अरुंद बोळांमुळे दिवसाचा बराच वेळ सावली राही. लेखांचा आरंभ गणेशवंदनाने होतो, तर मंदिरात विष्णू व महिषासुरमर्दिनी यांची शिल्पे आढळतात. घोडेस्वार रूपातील एका स्थानिक देवतेचीही पूजा होत असे. जेम्स टॉड याने पालीवाल लोक घोड्याच्या लगामाची पूजा करतात, असे नोंदविले आहे. ब्राह्मणांच्या ठायी ही प्रथा त्याला चमत्कारिक वाटली व तिचा उलगडा आजवर समाधानकारकपणे झालेला नाही.

खडीन : पालीवालांच्या शेतीचा कणा म्हणजे खडीन. खडकाळ उताराच्या पायथ्याशी, जेथे पाणी व गाळ नैसर्गिकपणे येऊन थांबतो, तेथे आडवा मातीचा बांध घालून तयार केलेले शेत म्हणजे खडीन. ही पद्धत जैसलमीरच्या पालीवालांनी पंधराव्या शतकात सिद्ध केली, असे सामान्यतः मानतात. तिचे मूळ त्याहून जुने असणे अशक्य नाही. बांधाची उंची साधारणतः दीड ते साडेतीन मी. असून लांबी जागेप्रमाणे शंभर मी.पासून कित्येक शे मी.पर्यंत असते. जास्तीचे पाणी वाहून जाण्यासाठी एका टोकाला दगडी सांडवा व तळाशी मोरी ठेवतात. पावसाळ्यात खडिनाचे तळे होते व त्यात कमरेपर्यंत, क्वचित त्याहून अधिक पाणी साचते. ते हळूहळू मुरते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तळ उघडा पडू लागला की ओल्या गाळात गहू वा हरभरा पेरतात. पेरणीची वेळ आली तरी पाणी उभेच असेल, तर मोरीतून ते खालच्या खडिनात सोडतात. पीक पुढे एकही पाणी न देता, केवळ जमिनीतील ओलीवर पक्व होते. दरवर्षी नवा गाळ येत असल्याने खताचीही गरज भासत नाही. पाणी मोरीवाटे निघताना क्षार घेऊन जाते व त्यामुळे जमीन खारवत नाही. कालव्याच्या पाण्याखालील जमिनी थोड्याच वर्षांत पाणथळ व खारट होत असताना जुनी खडिने शतकानुशतके पिकत राहिली, याचे रहस्य या मोरीत आहे.

खडिनाचे गणित पाहण्यासारखे आहे. लागवडीच्या एका भागामागे पाणलोटाचे सु. बारा ते पंधरा भाग असावेत, असे प्रमाण सांगतात. समजा, वर्षात १६० मिमी. पाऊस पडला. एवढ्या पावसावर गहू येणे शक्य नाही. परंतु बारापट खडकावरील पाण्याचा फक्त पाचवा हिस्सा जरी वाहून खाली आला, तरी शेतावर सु. ३८४ मिमी. पाण्याची भर पडते, आणि शेताला प्रत्यक्षात सु. ५४४ मिमी. पावसाचा लाभ होतो. ज्या प्रदेशात बाजरी हेच बेभरवशाचे पीक, तेथे गहू पिकविण्याची किमया ती हीच. अर्थात याच गणिताची दुसरी बाजू अशी, की एका बिघ्याच्या पिकासाठी बारा बिघे जमीन मोकळी ठेवावी लागते. त्या पाणलोटात (स्थानिक नाव ‘आगोर’) कोणी नांगर घातला, घर बांधले वा खाण काढली, तर खालचे खडीन मरते. म्हणून खडीन ही एका शेतकऱ्याने स्वतःपुरती करावयाची गोष्ट कधीच नव्हती.

जमिनीची मालकी राजाची मानलेली होती. पालीवालांनी बांध घालून खडीन तयार करावे व पिकाचा चौथा हिस्सा राजाला द्यावा, असा करार असे. रोख सारा ठरविण्याऐवजी हिस्सा ठरविल्याने दुष्काळाचा भार राजा व शेतकरी या दोघांवरही पडे. पीक बुडाले तर राजाचा चतुर्थांशही बुडे. गावाच्या आत खडिनातील वाटे कुटुंबांत विभागलेले असत. पाणी मात्र वाटले जात नसे. ते सबंध खडिनावर एकत्र पसरे व ज्याच्या वाट्याला खोलगट जमीन असे, त्याची पेरणी उशिरा होई. बांधाची डागडुजी, सांडव्याची चिरेबंदी व गाळाची उसाभर ही कामे सर्वांनी मिळून करावयाची असत. बांध एका ठिकाणी फुटला, तर सर्वांचेच पीक जात असल्यामुळे या कामातून अंग काढून घेण्यात कोणाचाच लाभ नव्हता.

पिण्याच्या पाण्याची सोय निराळी होती. खडिनात साचलेले पाणी मुरून त्याच्या आत वा खालच्या अंगास खणलेल्या उथळ विहिरींना (‘बेरी’) गोडे पाणी येई, व पीक निघाल्यानंतरही त्या काही महिने साथ देत. घराच्या अंगणात वा गावाच्या चौकात ‘टांका’ असे. जमिनीत गोल वा चौकोनी खोदून आतून चुन्याने लिंपलेली व वरून झाकलेली ही टाकी छपराचे अथवा स्वच्छ राखलेल्या अंगणाचे पाणी साठवी. महाराष्ट्रातील डोंगरी किल्ल्यांवरील टाक्यांशी तिचे नावाचे व तत्त्वाचेही साम्य आहे, केवळ येथे खडकाऐवजी मातीत ती खोदावी लागे. गावाबाहेरच्या ‘नाडी’ नावाच्या तळ्यांवर जनावरे पाणी पीत. सर्वांत खोल विहिरी पन्नास-साठ मी. वा त्याहून अधिक खाली जात व त्यांवर उंटांची मोट चाले.

जिप्समचा थर असलेल्या पट्ट्यांतील ‘कुंई’ हा मात्र वाळवंटी कारागिरीचा कळस म्हणावा लागेल. चार-पाच हात व्यासाची ही अरुंद विहीर तीस ते साठ हात खोल जाते, पण खारे भूजल लागण्याआधीच थांबते. तिच्या भिंतींतून वाळूची ओल थेंबाथेंबाने पाझरते आणि दिवसाकाठी दोन-तीन घागरी गोडे पाणी जमते. तोंड मोठे ठेवल्यास ते थोडके पाणी तळभर पसरून वाया जाईल, म्हणून व्यास लहान. खणणारा कारागीर ‘चेजारो’ वा ‘चेलवांजी’ म्हणून ओळखला जाई. खाली जागा इतकी कमी, की उभ्याने कुदळ चालविता येत नाही. बसूनच खणावे लागते. आतला उकाडा कमी करण्यासाठी वरचे लोक मधूनमधून मूठभर वाळू जोराने खाली फेकीत, जेणेकरून ताजी हवा आत ढकलली जावी, आणि वाळूच्या माऱ्यापासून बचाव म्हणून कारागीर डोक्यावर धातूचे भांडे घाली. दगड न मिळणाऱ्या ठिकाणी खींप या गवताचा जाड दोर वेटोळ्यांनी रचून भिंतींना आधार देत. अनुपम मिश्र यांच्या राजस्थान की रजत बूँदें (१९९५) या हिंदी पुस्तकात या कामाचे बारकाईने वर्णन आले आहे.

कुंई ज्या कुटुंबाने खणविली त्याची खाजगी मालमत्ता असे, परंतु ती खणण्याची जागा गावाची असे. नव्या कुंईला परवानगी देताना गाव सढळ नसे. याचे कारण उघड आहे. खालची ओल ठराविकच असते. नवी कुंई नवे पाणी आणीत नाही, ती आधीच्या ओलीतच आणखी एक वाटेकरी निर्माण करते. खाजगी हक्क व सामाईक मर्यादा यांची अशी सांगड अन्यत्र फार थोड्या ठिकाणी घातलेली दिसते. मात्र या व्यवस्थेचे गुणगान करताना तीत सर्वांना समान स्थान होते, असे समजण्याचे कारण नाही. जाती-जातींचे पाणवठे वेगळे असत आणि घागरीचा भार बहुतेक स्त्रियांच्या डोक्यावर असे.

खरिपात बाजरी, मूग, मटकी व गवार आणि रब्बीत खडिनाचा गहू-हरभरा, हे अन्नाचे दोन आधार होते. तिसरा आधार रानाचा. केरची फळे व खेजडीच्या शेंगा (सांगरी) वाळवून ठेवल्या, की भाजीपाला न मिळणारे आठ-नऊ महिने त्यांवर निघत. सेवण गवतावर थारपारकर जातीच्या गाई, मेंढ्या व उंट पोसले जात. दूध, तूप, लोकर व शेण ही सर्वच उत्पन्ने गणतीत धरली जात. शेण हे सरपणही होते व लिंपणाचे साहित्यही. गावाजवळ देवाच्या नावाने राखलेले ‘ओरण’ असे. त्या देवराईत जनावरे चारण्यास मुभा असे, परंतु कुऱ्हाड चालविण्यास मनाई होती. घोर दुष्काळात ओरणातील झाडपाला हा अखेरचा चारा ठरे. तोही संपला, की गुराखी जनावरे घेऊन सिंधमध्ये सिंधू नदीच्या काठी जात व पाऊस पडल्यावर परत येत. स्वयंपूर्णतेच्या या व्यवस्थेतही शेजारच्या प्रदेशाचा आधार असा गृहीतच धरलेला होता.

ही गावे एकांतातही नव्हती. पालीवालांचे बळ केवळ शेतीत नव्हते. टॉडच्या मते संख्येने ते राजपुतांच्या बरोबरीचे होते व संपत्तीने त्यांच्याहून पुष्कळ वरचढ होते. शेतकऱ्यांना पिकाच्या तारणावर कर्ज द्यावे, लोकर व तूप खरेदी करून परप्रांती पाठवावे, आणि स्वतःचेही कळप बाळगावेत, असा त्यांचा व्यवहार त्याने वर्णिला आहे. जैसलमीर हे मारवाड व सिंध यांमधील मार्गावरील ठाणे असल्यामुळे उंटांचे तांडे तेथून सतत जात. खडिनातील गव्हाने घर चाले आणि दुष्काळाच्या वर्षी लागणारी रोकड व्यापारातून येई. पाऊस हुकला तरी गाव टिके, ते या जोडधंद्यामुळे.

गावे ओस पडण्याची कारणे : लोकप्रिय कथा अशी, की जैसलमीरचा दिवाण सालिमसिंह याची नजर कुलधराच्या मुखियाच्या मुलीवर पडली, तेव्हा १८२५ मध्ये पालीवालांच्या ८४ गावांनी एका रात्रीत घरे सोडली व जाताना तेथे पुन्हा कोणी वसू नये असा शाप दिला. ही कथा कालक्रमाच्या कसोटीला उतरत नाही. सालिमसिंह १८२४ मध्येच मरण पावला होता. टॉडने १८२३ मध्ये हिंदुस्थान सोडला, तरी त्याच्या राजस्थानच्या इतिहासात (दोन खंड, १८२९ व १८३२) पालीवालांचे देशांतर घडत असल्याचे वर्णन आहे. चौऱ्याऐंशी हा आकडाही राजस्थानात गावांच्या समूहाचा रूढ संकेत आहे. तो शब्दशः घेण्याचे कारण नाही. कुलधरापुरते पाहिले, तर तेथे १८१५ च्या सुमारास सु. २०० घरांत ८०० माणसे राहत होती. गावाच्या भरभराटीच्या काळातील लोकसंख्या याच्या जवळजवळ दुप्पट असावी, असा अंदाज आहे. १८९० मध्येही तेथे ३७ माणसे होती. एका रात्रीत ओस पडलेल्या गावाचे हे आकडे नव्हेत.

सालिमसिंहाची जुलूमशाही मात्र कल्पित नाही. रावळ मूलराज (कार. १७६२–१८२०) व त्यानंतर गजसिंह यांच्या काळात राज्याची खरी सत्ता त्याच्या हाती होती. चुलीमागे घेतला जाणारा ‘धुआँ’ कर, दंडाच्या नावाने होणारी वसुली आणि व्यापारावरील जकाती यांचा बोजा सधन पालीवालांवर सर्वाधिक पडला. याच सुमारास, १८१८ मध्ये, जैसलमीरने ईस्ट इंडिया कंपनीशी तह केला. तहापूर्वी असंतुष्ट प्रजा शेजारच्या राज्यात निघून जाईल किंवा सरदार बंड करतील, ही भीती दरबाराला असे. कंपनीच्या संरक्षणाने ती पुष्कळशी नाहीशी झाली. चौथाईच्या हिश्शात राजा व शेतकरी यांचे हित जोडलेले होते. पीक येवो न येवो, रोख रक्कम उकळण्याच्या धोरणाने तो जोड उखडला. खडिनाचा बांध दरवर्षी श्रम व पैसा मागतो, आणि पुढच्या पिकाची शाश्वती वाटेनाशी झाली की तो प्रथम दुर्लक्षिला जातो.

पाण्याची स्थितीही बिघडत होती. कुलधराच्या बहुतेक विहिरी १८१५ पर्यंत आटल्या होत्या आणि १८५० पर्यंत पायऱ्यांची विहीर व अन्य दोन खोल विहिरीच काय त्या उपयोगात राहिल्या. व्यापाराचा ओघ याच काळात वळला. माळव्याची अफू मुंबई बंदरातील कंपनीचे निर्बंध चुकविण्यासाठी पाली-जैसलमीरमार्गे सिंधमध्ये व तेथून समुद्रमार्गे बाहेर जात असे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर ही वाट बंद झाली आणि अफू मुंबईकडे वळली. पुढे रेल्वे व बंदरे यांनी वाळवंटी तांड्यांचा उरलासुरला व्यापारही ओढून नेला. अलीकडे काही भूवैज्ञानिकांनी कुलधरा व खाभा येथील कोसळलेल्या भिंतींवरून भूकंपाची शक्यता सुचविली आहे. भूकंप झाला असेलही. परंतु घरे पडल्याने खचणारा हा समाज नव्हता. पालीहून उठून त्याने एकदा सारे नव्याने उभारले होते. दुसऱ्यांदा ते उभारण्याजोगी परिस्थिती राहिली नव्हती. कर, पाणी व व्यापार या तिन्ही बाजूंनी आधार सुटत गेला, व त्यांतही करांचा जुलूम हेच कारण अग्रभागी ठेवावे लागते, कारण आटलेल्या विहिरींवर व बुडत्या व्यापारावर उपाय करण्याची उमेद त्यानेच हिरावून घेतली.

ओस पडलेल्या गावांची खडिने मात्र सर्वस्वी ओस पडली नाहीत. इतर जातींच्या शेतकऱ्यांनी ती कसावयास घेतली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील नोंदींनुसार जैसलमीर जिल्ह्यात सु. ५०० खडिनांखाली सु. १२,००० हेक्टर जमीन होती. विक्रम संवत १९५६ च्या (इ. स. १८९९–१९००) ‘छप्पनिया’ दुष्काळाने वाळवंटातील पशुधनाचा संहार केला. १९४७ च्या फाळणीने सिंधकडील कुरणांची वाट आकसली व १९६५ च्या युद्धानंतर ती पूर्ण मिटली. वाळवंटाचे प्रश्न आता जागच्या जागी सुटणार नाहीत, ही समजूत यानंतर दृढ होत गेली. पंजाबातील हरिके येथून निघणाऱ्या राजस्थान कालव्याचे (१९८४ पासून इंदिरा गांधी कालवा) काम १९५८ मध्ये सुरू झाले व १९८७ च्या आरंभी मुख्य कालव्याचे पाणी जैसलमीर जिल्ह्यातील मोहनगढपर्यंत पोहोचले. पुढे नळयोजनांनी पिण्याचे पाणी दूरच्या गावांत नेले. त्याने स्त्रियांची पायपीट वाचली, हे निःसंशय मोठे काम होय. त्याचबरोबर तळ्यांचा गाळ काढण्याची व आगोर स्वच्छ राखण्याची रीत शिथिल झाली. नळ कोरडा पडला, म्हणजे टँकरखेरीज दुसरा उपाय अनेक गावांना उरला नाही.

विजेच्या बाबतीत चित्र काहीसे उलटे आहे. वाळवंटातील विखुरलेल्या ढाण्यांपर्यंत तारा नेणे खर्चाचे असल्यामुळे त्या दीर्घकाळ विजेवाचून राहिल्या. २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेत अशा दूरच्या घरांसाठी स्वतंत्र सौर संचांची तरतूद करावी लागली. याच प्रदेशातून मात्र पवनचक्क्यांची व पुढे सौर प्रकल्पांची वीज देशाच्या जाळ्याला मिळू लागली. जोधपूर-फलोदी भागातील भाडला येथील सौर प्रकल्पाची क्षमता २,२४५ मेगॅवॉट आहे. अशा प्रकल्पांना हवी असलेली मोकळी, सपाट व निर्मनुष्य जमीन महसुली दप्तरात ‘पडीक’ म्हणून नोंदलेली असते, आणि खडिनाचा आगोर व गावाचे ओरण यांची नोंदही पुष्कळदा तशीच झालेली आहे. ज्या खडकावर काहीच पिकत नाही तोच खालच्या गव्हाचा पाणीपुरवठा आहे, ही गोष्ट सात-बाराच्या धर्तीच्या उताऱ्यात मांडण्यास रकाना नाही. जैसलमीरजवळील देगराय मातेच्या ओरणातून जाणाऱ्या वीजवाहिन्यांना गावकऱ्यांनी विरोध केला. त्यात जनावरांच्या चाऱ्याबरोबरच माळढोक पक्ष्याचाही प्रश्न होता. महाराष्ट्रातून जवळजवळ नाहीसा झालेला हा पक्षी मुख्यतः याच वाळवंटात तग धरून असून उंच तारांना धडकून त्यांतील काही मरतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये या तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला व २०२४ च्या मार्चमध्ये तो बदलून हा विषय तज्ञसमितीकडे सोपविला. राजस्थानातील ओरणांची मोजणी करून त्यांना वनांचा दर्जा देण्याविषयीचे निर्देश त्याच न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये दिले.

कुलधरा व खाभा येथील अवशेष राज्य शासनाच्या संरक्षणाखाली असून कुलधराची काही घरे पर्यटकांसाठी पुन्हा उभारण्यात आली आहेत. पालीवालांचे वंशज राजस्थानात व अन्य प्रांतांत विखुरले आहेत. जैसलमीरच्या आसपासच्या जुन्या खडिनांत, पाऊस पुरेसा पडला त्या वर्षी, दिवाळीनंतर पाणी ओसरताच गव्हाची व हरभऱ्याची पेरणी होते. पिकाचे वाटे खडिनाच्या जुन्या हद्दींप्रमाणे पडतात आणि पावसाळ्यापूर्वी बांधावर माती टाकण्यासाठी प्रत्येक घरचा एक माणूस येतो.